ह्यांच्या नजरेची बंदूक

आमच्या ह्यांना शिकारीचं वेड लागलं ते अमेरिकेत, नोव्हायला आल्यावर, चाळिशी उलटल्यावर. नागपुरात असताना या माणसाने घरातलं झुरळसुद्धा मारलं नव्हतं, चप्पल घेऊन मीच धावायचे. इथे ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने एकदा जंगलात नेलं आणि झालं! बंदूक घेतली तीही सरळ नाही, ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं, आणि एवढा खटाटोप करून बार एकच. "अहो, हे काय शिवकालीन खूळ?" मी विचारायचे. "एकच गोळी असली की माणूस विचार करून चाप ओढतो," हे म्हणायचे. महाराष्ट्र मंडळात लोक कुजबुजायचे. पण ह्यांनी आणलेल्या हरणाच्या मटणाचा मी सावजी मसाला घालून रस्सा केला की कुजबुजणारेच दोनदा वाढून घ्यायचे.

त्या मित्राच्या बंदुकीवर दुर्बीण होती, स्कोप म्हणतात तो. ह्यांच्या बंदुकीवर नुसती खाच आणि माशी. डोळ्याजवळ खाच, नळीच्या टोकाला माशी, म्हणजे पितळेचा एवढासा मणी. खाचेत मणी आणि मण्यावर हरीण असं जुळवायचं. दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला. मित्र म्हणायचा, पन्नाशीनंतर डोळ्याला तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत, दुर्बीण लाव. हे म्हणायचे, दुर्बिणीत बर्फ जातो, वाफ धरते, आणि मुख्य म्हणजे माणूस हावरट होतो, लांबलांबचे बार टाकायला लागतो. "जवळ जाता येत नसेल तर घरी जावं," हे ह्यांचं म्हणणं. खाचेचे स्क्रू स्वतः फिरवून फिरवून, शनिवारचे शनिवार नेमबाजीच्या रेंजवर घालवून, ह्यांनी ती बंदूक आपल्या नजरेला बसवली होती. मी कधी बरोबर गेले नाही. थंडीत कुडकुडायला मला काय वेड लागलंय, असं म्हणायचे.

मागच्या मार्चमध्ये हे गेले. हार्ट अटॅक, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस परत आलाच नाही.

आमचा मुलगा ॲन आर्बरला लॅबमध्ये काम करतो. इथेच जन्मला, इथेच वाढला. मी मराठीत बोलते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, निम्मंअर्धं मराठी घालून. बाप गेला तेव्हा त्याने सगळं केलं. फोन केले, भटजी बोलावले, इन्शुरन्सवाल्यांशी भांडला. पण डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू! रडून रडून माझं डोकं दुखायचं आणि हा लॅपटॉप उघडून बसायचा. दगड जन्माला घातला मी, असं बहिणीला फोनवर म्हणाले होते.

सप्टेंबरमध्ये एक दिवस तो म्हणाला, "आई, या सीझनला मी बाबांची बंदूक घेऊन जाणार. फक्त स्कोप लावून घेतो." लहानपणी दोन-तीनदा बापाबरोबर गेला होता, लायसन्सही होतं. मी विचारलं, दुर्बीण लावायची म्हणजे नक्की काय करायचं? तर म्हणे मागची खाच काढावी लागेल, त्याशिवाय ती बसत नाही.

मग माझं जे डोकं फिरलं! ह्यांचे कपडे मी देऊन टाकले होते, गाडी विकली होती. पण ह्यांच्या हाताने बसवलेलं, जसंच्या तसं राहिलेलं असं घरात तेवढंच होतं. "खबरदार स्क्रूला हात लावलास तर," मी म्हणाले. "न्यायची तर तशीच ने. नाहीतर ठेव कपाटात." तो "ओके" म्हणाला. बापासारखाच, भांडायला म्हणून उपयोगाचा नाही.

ऑक्टोबरात तो रेंजवर निघाला तेव्हा मी बरोबर गेले. विश्वास नव्हता माझा, दुसरं काय. थर्मासमध्ये चहा घेतला, कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि त्याच्या मागे उभी राहिले. त्याच्या सगळ्या गोळ्या कागदावर खाली लागत होत्या, नेमक्या एकाच जागी पण खाली. "खाच किंचित वर केली की झालं," असं म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. मी नुसतं बघितलं. त्याने तो परत ठेवला.

मग तो बराच वेळ बंदुकीकडे बघत बसला. पुन्हा ठासली, खांद्याला लावली, आणि हळूहळू हनुवटी वर उचलली. मान किंचित डावीकडे कलली. बार झाला. गोळी मधोमध लागली.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. बाप्पा, ती मान ह्यांची होती! ह्यांच्या चष्म्याला खालच्या बाजूला जवळचं बघायची काच होती. तिच्यातून दिसावं म्हणून हे हनुवटी वर करून पेपर वाचायचे, भाजीचे भाव वाचायचे, माझ्याकडेही तसंच बघायचे. खाच आणि माशी तशीच बघून ह्यांनी बंदूक बसवली होती. बंदुकीला तीच मान हवी होती, आणि ती पोराने शोधून काढली. मागून बघताना खांदे तेच, कानामागचे केस तेच. सात महिन्यांनी मला माझा नवरा दिसला.

त्यानंतर मी एक शनिवार सोडला नाही. डबा भरून त्याच्या आधी तयार होऊन बसायचे. मंडळाचं दिवाळीचं जेवणसुद्धा कॅन्सल केलं. त्याची मान आखडायची, घरी येऊन तो हीटिंग पॅड लावायचा. तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा म्हणायचे, "चल रे, प्रॅक्टिस नको का?" तो आढेवेढे न घेता निघायचा.

डिसेंबरात सीझन लागला तेव्हा मी जंगलातही गेले. जन्मात गेले नव्हते. नारिंगी टोपी, नारिंगी जॅकेट, आणि झाडांत उभारलेल्या छोट्या तंबूत दोन खुर्च्या. बाहेर बर्फ. दुपारभर एक खार सोडली तर काही आलं नाही. संध्याकाळ उतरायला लागली आणि समोरच्या झाडीतून एक नर बाहेर आला. शिंगं चांगली मोठी होती. इतका जवळ की चालताना बर्फ मोडल्याचा आवाज येत होता.

मुलाने बंदूक उचलली. हनुवटी वर गेली. मी हरणाकडे बघितलंच नाही, मी त्याच्याकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. हरीण आडवं उभं होतं, हलत नव्हतं. बार होईना. मग त्याने बंदूक खाली घेतली, बार उडवणारी चिमुकली कॅप बंदुकीवरून काढून खिशात टाकली. हरीण चालत चालत झाडीत निघून गेलं.

"का रे?" मी कुजबुजले.

"माशी दिसलीच नाही, आई. अंधारात गेली ती. मी अंदाजाने मारणार होतो. बाबांनी अंदाजाने कधीच नसती मारली. पोटात लागली असती तर ते बिचारं रात्रभर तडफडून मेलं असतं."

मग तो पूर्ण मराठीत म्हणाला, सावकाश, एकेक शब्द जुळवत, "मला बाबांसारखं बसता येतं. बाबांसारखं दिसत नाही." मग बंदूक बाजूला ठेवत म्हणाला, "तू मागे उभी राहून काय बघायचीस, ते मला माहीत होतं. म्हणून मी प्रत्येक शनिवारी आलो."

आणि तो रडायला लागला. हातमोज्यांनी तोंड झाकून, लहानपणी ताप आला की रडायचा तसा हुंदके देऊन. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या लेकराला मी दगड म्हणाले होते. आणि तो शनिवारचे शनिवार माझ्यासाठी बाप होऊन बसत होता, मान मोडेपर्यंत.

"लाव दुर्बीण," मी म्हणाले. "उद्याच लाव."

"नक्की? खाच काढली की परत तशीच नाही बसणार, आई."

"माहीत आहे मला. काढ."

दुसऱ्या दिवशी दुकानात खाच काढायला चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तिथून आम्ही थेट रेंजवर गेलो. तो बसला. हनुवटी खाली, गाल लाकडाला टेकलेला, पाठीला बाक काढून. कॉम्प्युटरसमोर बसतो तसा, ज्यावरून मी त्याला कायम ओरडते. ह्यांचं त्यात काहीसुद्धा नव्हतं. दोन-चार गोळ्यांत दुर्बीण जुळली, आणि त्यानंतरच्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून मधोमध बसल्या. कागद काढून तो धावत माझ्याकडे आला. चेहरा फुलला होता, मार्चनंतर पहिल्यांदा.

"बापाला मागे टाकलंस रे," मी म्हणाले. खरंच टाकलं होतं. हे ऐकून ह्यांनी नाक फुगवलं असतं, दुर्बिणीच्या नावाने बोटं मोडली असती, आणि घरी जाईपर्यंत मी त्यांना चिडवलं असतं. मी सवयीने मागे वळून बघितलं. मागे रिकामा बाक होता, त्यावर बर्फ साचला होता. मुलाला म्हटलं, तू आवर, मी गाडी गरम करते. गाडीत जाऊन बसले, दार लावून घेतलं, आणि हे आजच गेले असावेत तशी रडले.