मेरेतेचा डबा

"दाग्नी इथवर आली ती कुणाच्याही आधाराशिवाय. एकटीच्या बळावर," मुख्याध्यापक व्यासपीठावरून म्हणाले. जूनचा शेवटचा शुक्रवार होता. शाळा संपवणाऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या घालून आम्ही सव्वीस जण रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजल्या. मी हात मांडीवरच ठेवले. शेजारी दाग्नी आपल्या बुटांकडे बघत होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. पुढे मी साहित्य शिकले. वाक्यं उकलून बघणं हाच अभ्यास होता. ते एक वाक्य मात्र अजून घशाखाली उतरत नाही. ते खोटं होतं. आणि त्यातून जी बाई खोडून टाकली होती, तिला मी ओळखते.

मेरेते लाउरिडसन. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांबट खाडीच्या काठावर, गावापासून अकरा किलोमीटरवर राहते. रुग्णालयाच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर काम करते. दाग्नी नऊ वर्षांची असताना नगरपालिकेनं तिला मेरेतेकडे सांभाळायला दिलं. दाग्नी तेव्हा उशीच्या अभ्र्यात पाव लपवायची. मेरेते रागावली नाही. तिनं पत्र्याचा निळा डबा आणून खोलीत ठेवला. "उशीत चुरा होतो. यात ठेव. दर गुरुवारी मी भरीन." तीन वर्षं ती दर गुरुवारी डबा भरत राहिली. मग एका गुरुवारी दाग्नीच म्हणाली, "आता नको."

गणित मेरेतेला येत नाही. संध्याकाळी ती समोर बसायची आणि म्हणायची, "मला समजेल असं सांग बघू." दाग्नी समजावत गेली आणि वर्गात पहिली आली. याला एकटीचं बळ म्हणतात.

फेब्रुवारीत दाग्नीला अठरा वर्षं पूर्ण झाली. नगरपालिकेचं पत्र आलं. मुलीची प्रगती उत्तम आहे, सबब मदतीचा हेतू पूर्ण झाला आहे. ते पत्र मी नंतर तीनदा वाचलं. उत्तम चाललंय म्हणून सांभाळायचे पैसे बंद! नगरपालिकेनं दाग्नीला गावात एक खोली दिली, शेगडी आणि खाटेसकट. त्यानंतर ती सकाळच्या तासांना येईनाशी झाली. पहिली येणारी मुलगी परीक्षेत जेमतेम पास झाली. विचारलं की म्हणायची, "मी ठीक आहे. तू तुझं बघ."

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमची ट्रकची फेरी होती. बीच झाडाच्या डहाळ्यांनी सजवलेला ट्रक प्रत्येकाच्या घरी थांबतो. वीस मिनिटं. घरचे लोक अंगणात टेबल मांडून उभे असतात. वर्गाच्या दारावर पत्त्यांची यादी लावली होती. दाग्नीच्या नावापुढे आमच्या वर्गातल्या माल्थेनं लिहिलं होतं, 'शाळेचं पार्किंग'.

"माझी आई सरबत पाठवणार आहे," माल्थे म्हणाला. "दाग्नीला वाईट वाटायला नको ना."

"चालेल," दाग्नी म्हणाली आणि निघून गेली.

मला माल्थेचं नरडं धरावंसं वाटलं. पण तो बिचारा निदान सरबत तरी देत होता. मी सायकल काढली आणि थेट मेरेतेचं घर गाठलं. ती ओट्यापाशी होती. मी बूटही काढले नाहीत.

"पैसे थांबले आणि तू तिला टाकलंस!" मी ओरडले. "चार महिन्यांत एक फोन केला नाहीस. उद्या तिला उभं राहायला पार्किंग दिलंय. पार्किंग!"

मेरेतेनं पिठाचे हात पुसले. "नगरपालिकेतल्या बाईनं सांगितलं, फोन करू नकोस. पोरीला स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय लागू दे. मी म्हटलं, पैसे नकोत, पोरगी राहू दे. तर म्हणाली, तू तिला अडवतेयस."

"आणि तू ऐकलंस?"

"त्यांना कळतं असं वाटलं मला."

तिनं फ्रीझर उघडला. आत पिशव्यांत बन होते, खच्चून भरलेले. "मे महिन्यापासून करतेय. सत्तावीस जणांचे, ड्रायव्हर धरून. म्हटलं, बोलावलं तर आयत्या वेळी धावपळ नको."

बोलावलं तर! इकडे दाग्नी समजून बसली होती की पैसे संपले तशी मेरेतेही संपली. तिकडे ही बन गोठवत बोलावण्याची वाट बघत होती. दोघींनाही भीड. आणि मध्ये शहाणपणाचं ते पत्र.

मी माल्थेला फोन केला. "फेरी ठरलीय गं," तो कुरकुरला. "अकरा किलोमीटर वाकडी वाट आहे. ड्रायव्हर ऐकणार नाही."

"त्याला सांग, बन आहेत. आणि नाही म्हणालास तर तुझ्या आईचं सरबत तुझ्याच टोपीत ओतीन."

शनिवारी ट्रक फ्योर्डकडे वळला तेव्हा दाग्नीनं माझा दंड धरला. नखं रुतली. "आस्ता, हे तू केलंस? थांबव. तिनं बोलावलेलं नाही मला."

मेरेते फाटकाशी उभी होती, कामावरचा निळा अंगरखा घालून. बहुतेक चांगले कपडे घालायचं धाडस झालं नव्हतं. ट्रकवरच्या पोरांच्या शिट्ट्या हळूहळू थांबल्या. दाग्नी खाली उतरली.

"चार महिने!" ती किंचाळली. "मी तापानं पडले होते. चार महिने, मेरेते!"

"हो."

"त्यांनी सांगितलं म्हणून? ते कोण लागतात माझे?"

"कोणी नाही." मेरेतेनं फाटक उघडलं. "माझी चूक झाली. तू रागाव. हवं तेवढं रागाव. पण या सगळ्यांना भूक लागलीय, त्यांना वाढता वाढता रागाव."

कुणीतरी फसकन हसलं. दाग्नी हसली नाही. ती सरळ घरात गेली. आम्ही अंगणात बन हातात धरून उभे राहिलो. वीस मिनिटं झाली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही. त्यानं तिसरा बन घेतला.

दाग्नी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो निळा डबा होता. तिनं तो मेरेतेसमोर टेबलावर आपटला.

"रिकामा आहे."

"आज शनिवार आहे," मेरेते म्हणाली.

"मग उशीर झालाय तुला."

मेरेते बन भरू लागली. डबा काठोकाठ भरला. झाकण काही केल्या बसेना. शेवटी दाग्नीनं ते हातातून हिसकावून घेतलं आणि स्वतः दाबून बसवलं.