चाँदबीची करंगळी

आमच्या घरी दूध वर येण्याची आणि ह्यांचा एक मोजा हरवण्याची वेळ एकच असते. त्या मंगळवारीही मी गॅसपाशी उभी, हे कॉटखाली वाकलेले, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, दार. बेल असताना दार वाजवणारं माणूस आमच्या ओळखीत एकच. तेही बोटांच्या मागच्या हाडांनी. टक टक टक.

"आली तुमची भाडेकरू," हे कॉटखालूनच म्हणाले. "दहाची वेळ दिली होती ना? सव्वाआठ झालेत."

दारात चाँदबी. इस्त्रीची साडी, पदर डोक्यावर, काखेत प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पिशवी, त्यात तिचे कागद.

"म्हटलं लोकल चुकायला नको, म्हणून आदीचीच धरली," ती म्हणाली. "तुमचं आवरू द्या, वैनी. मी पायरीवर बसते."

चाँदबी शेख मळवलीची. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. बावीस वर्षं ती लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात जाते. भांगरवाडीतलं आमचं घर तिच्या वाटेवर. एकदा अंगणातल्या नळावर पाणी प्यायला थांबली, तेव्हापासूनची ओळख. गाडी विकल्यापासून खालचा गाळा रिकामा होता. महिन्यापूर्वी तिने त्याच्या शटरवर हात ठेवून मला विचारलं, "वैनी, ह्यो मला देता? दुसऱ्याची चिक्की लय लाटली. आता माझी लाटीन म्हंते."

मी हो म्हटलं. घर माझ्या नावावर आहे. पण नुसतं माझं 'हो' तिच्या उपयोगाचं नव्हतं. खाण्याचा माल करायला परवाना लागतो आणि परवान्याला जागेचा नोंदणी केलेला करार, तिच्या स्वतःच्या नावाचा. तिचे कागद गोळा होईपर्यंत महिना गेला. मध्येच पिंपरीचा एक माणूस ह्यांना भेटून गेला. त्याला पर्यटकांना भाड्याने द्यायच्या स्कूटर ठेवायला तोच गाळा हवा होता. हे काही वाईट नाहीत, पण रिकामं शटर रोज बघून माणूस कंटाळतो. आदल्या रात्री जेवताना म्हणाले होते, "उद्या झालं तर झालं. नाहीतर संध्याकाळी मी त्याला हो सांगून टाकणार."

हे मी चाँदबीला सांगितलं नव्हतं. पण तिला ते कळलं असावं. इतकी आधीची लोकल उगाच कोणी धरत नाही.

तिला पायरीवरून उठवून आत आणलं, चहा दिला. ती बशीत ओतून पिते. माझी भाजी चिरून होईपर्यंत तिने कादरभाईंची गोष्ट सांगितली. कादरभाई म्हणजे तिचे वारलेले यजमान. मळवली स्टेशनजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दर अकरा महिन्यांनी एक टायपिंगवाला स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत मजकूर छापून आणायचा आणि कादरभाई नि जागेचा मालक, दोघं जण सही करायचे. वाचायचं कोणी नाही. कादरभाई म्हणायचे, आपली जबान झालीय, कागद काय, राहू द्या. आणि तो कागद ते दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवायचे, वर ट्यूब.

"मग जागा विकली जुन्या मालकानं. नवा आला, म्हनला कागद दावा. आमी ऐटीत दावला." चाँदबीने बशी खाली ठेवली. "त्यात गाळा नंबर तीन लिवलेला. आमी बसायचो चारात. सात वर्सं, वैनी! दर टायमाला टायपिंगवाल्यानं जुन्यावरून उतरून काढलेलं. तीन नंबर तर सलूनवाल्याचा. आठ दिसांत सामान रस्त्यावर आलं."

मी भाजी फोडणीला टाकली.

दहाला पाच कमी असताना बेल वाजली. ही प्रतीक्षा. देहूरोडची, बी.कॉम. झालेली, भाडेकरार घरी येऊन करून देते. पाठीवर लॅपटॉप, हातात काडेपेटीपेक्षा जरा मोठं ठशाचं यंत्र. पूर्वी असा करार म्हणजे वकील गाठा, वडगावला दोन फेऱ्या मारा, कचेरीत ताटकळा. आणि चाँदबीचा खाडा म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. आता सरकारी शुल्क आणि प्रतीक्षाची फी मिळून तिच्या वाट्याला आलं ते तीन दिवसांच्या मजुरीएवढं. उरलेलं अर्धं मी घातलं.

डायनिंग टेबलावरचा भाजीचा पसारा सरकवून प्रतीक्षाने दुकान मांडलं. "मॅडम, आधी तुमचा अंगठा." मी लावला. हिरवं झालं.

चाँदबी मान वाकडी करून बघत होती. "म्हंजे तुमी कॉलेज शिकून बी अंगठाच?"

"आता सगळेच अंगठेबहाद्दर, मावशी," प्रतीक्षा हसली. "कलेक्टर असला तरी अंगठाच. आणा तुमचा."

चाँदबीने अंगठा पदराला पुसून लावला. लाल. पुन्हा लावला. लाल. ओल्या फडक्याने पुसला, थोडं खोबरेल लावून बघितलं, डावा अंगठा, मग पहिली बोटं, मग मधली. लाल, लाल, लाल. प्रतीक्षाने तिचा तळवा खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि तिचं हसू मावळलं. बोटांची टोकं काचेच्या गोटीसारखी गुळगुळीत होती. एक रेघ दिसेल तर शपथ.

"गुळाचा पाक असतो ना," चाँदबी म्हणाली. "ओट्यावर वतला की गरम हाय तवरच कडंनी दाबून घ्यावा लागतो. थंड झाला की तुटतो. बावीस वर्सं दाबतेय. आता चटका बी कळत न्हाई. बेलचं बटन दाबलं गेलं का तेबी न्हाई कळत."

म्हणून ती दार वाजवत होती. इतके दिवस मला वाटायचं, सवय.

"नाहीच घेतलं तर?" निकाल बघायला आज मुद्दाम थांबलेल्या ह्यांनी दारात बूट घालता घालता विचारलं.

"मग आधी आधार केंद्रात जाऊन ठसे नवीन करून घ्यायचे," प्रतीक्षा हळू आवाजात म्हणाली. "त्यात आठवडा जाईल."

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाँदबीने प्लास्टिकची पिशवी जवळ ओढली आणि आधार कार्ड आत सरकवायला लागली. घाई नाही, तक्रार नाही. ज्या पद्धतीने सरकवत होती त्यावरून वाटलं, हे सामान आवरणं तिने आधी केलेलं आहे.

माझं लक्ष तिच्या चहाच्या बशीकडे गेलं. मघाशी बशी धरताना तिची करंगळी बाहेर राहिली होती. ती नेहमीच तशी राहते.

"चाँदबी, पाक कसा दाबता? करून दाखवा बरं."

"आता? हितं?"

"हितंच."

तिने टेबलाच्या कडेवर हात टेकवले आणि दाबत पुढे नेले. अंगठा आणि तीन बोटं. करंगळ्या वर, कोरड्या, अधांतरी.

"प्रतीक्षा, करंगळी चालते का गं?"

"दहापैकी कुठलंही चालतं!" ती उभीच राहिली. "कोणी लावत नाही म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही."

"करंगळी?" चाँदबी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "शाळंत करंगळी दावली की बाई भाईर सोडायच्या. दुसरीपत्तोर तेवढंच शिकले मी!"

"दाखवा, मावशी, आज ती आत सोडणार आहे."

डावी करंगळी टेकली. यंत्र क्षणभर विचारात पडलं. हिरवं. पडद्यावर तिचं नाव आलं, चाँदबी कादर शेख, आणि वीस वर्षांपूर्वीचा वाटावा असा तिचा फोटो.

ह्यांनी बूट घातले. जाताना मला म्हणाले, "त्या पिंपरीवाल्याला मी फोन करतो, दुसरीकडे बघ म्हणून." आणि मग, "पहिला घाणा झाला की वरती पाव किलो पाठवायला सांगा."

"अर्धा पाठवीन, भाऊ," चाँदबी मागून ओरडली.

प्रतीक्षाने पडदा खाली सरकवला. "ही ओळख पटली. आता शेवटचं. करार कबूल आहे म्हणून आणखी एकदा करंगळी ठेवा, की झालं. मराठीतच आहे सगळा, पाच पानं. मॅडमनी बघितलाय."

मी बघितला होता. म्हणजे नावं बघितली होती, तारीख बघितली होती. फोनवर आलेला मजकूर बोटाने वर ढकलत शेवटपर्यंत गेले होते आणि 'ओके' लिहून पाठवलं होतं. गाळा क्रमांक काय पडलाय, ते त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चाँदबीने हात पुढे केला, यंत्राच्या वर आणला आणि तिथेच करंगळी मिटून मुठीत घेतली. लॅपटॉपकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"वैनी, बोट देते मी. आदी सगळा वाचून दावा."