कातळावरचा ऑक्टोपस

आमच्या गावाहून, जऊळक्याहून निघालो तेव्हा मायने समुद्र कधीच पाहिला नव्हता. उभा जन्म तिचा भाजीच्या वाफ्यांत गेला. कोकणात आम्ही दोघी ज्या घरी उतरलो, तिथल्या काकूंनी सकाळी बजावून सांगितलं, "ओहोटीला कातळावर खुशाल जा. पण पाणी फिरलं की थांबू नका. कातळ आणि वाळूच्या मधला चर आधी भरतो."

ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

माय मात्र साडी खोचून खडकांतल्या एकेका डबक्यात वाकत होती. शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा तिने हातावर घेतला. फुलासारखं काही दिसलं, बोट लावताच ते मिटलं, तशी ती लहान पोरीसारखी हसली. मी दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होते. वाळूपर्यंतची वाट कोरडी होती. मग ओली दिसली.

"माय, चाल आता."

"काहून घाई करून राह्यली? इकडं ये. थो पाह्य, दगडाचा रंग घेऊन राह्यला!"

मी वाकले, पण कान लाटांकडे होते. मला नुसता दगड दिसला. तेवढ्यात मागे खळखळ झाली. चर भरला होता.

मी तिला दंड धरून ओढलंच. पाणी आधी गुडघ्याला, मग मांडीला लागलं. मधेच तिचा पाय घसरला, ती माझ्यावर कोसळली, दोघी भिजलो. वाळूवर आल्यावर मी ओरडले, "तुले काही झालं असतं तं?"

ती धापा टाकत होती. चप्पल वाहून गेली होती. म्हणाली, "तुले दिसला काय थो?"

"नाही."

"मंग उद्या पुन्हा येऊ."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागून चर कोरडा होताच आम्ही गेलो. मायने तेच डबकं बरोबर शोधलं आणि माझी मान धरून वाकवली. दगडाला एक डोळा होता. मग दगडच हलला, तांबूस झाला आणि आठही हात आवरत कपारीत शिरला.

"दिसला," मी म्हणाले. मी अजून कपारीकडेच पाहत होते.

"आता चाल," माय म्हणाली.

मी म्हटलं, "थांब नं जराशी," आणि लगेच मागे वळून चराकडे पाहिलं. अजून कोरडा होता.