न फोडलेली पांघरुणं

आमच्या जाऊबाई कमी बोलतात. त्यांच्या वाटणीचं मीच बोलते. विमानात प्रवाशांना देतात ना पांघरुणं, ती धुणाऱ्या लाँड्रीत आम्ही दोघी घड्या घालतो. पोतं उघडलं की विमान लांबचं की जवळचं ते लगेच कळतं. लांबच्यातली पांघरुणं पार चोळामोळा झालेली, त्यात कुणाचा तरी एक मोजा अडकलेला.

जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा परदेशात. आशियातच, पण पार दुसऱ्या टोकाला, असं तोच सांगायचा. तीन विमानं बदला आणि दोन दिवस मोडा. थोरले दीर गेले तेव्हा फोनवर म्हणाला, "काकू, माझ्यासाठी थांबू नका, मी पोचत नाही." आम्ही थांबलो नाही. नकाशे कोण उघडून बघतंय? पोटचं पोर सांगतंय म्हटल्यावर खरंच असणार ना! आता जाऊबाईंचं पोटाचं ऑपरेशन सोमवारवर आलं, तरी त्याचं तुणतुणं तेच. "येण्यात दोन दिवस, जाण्यात दोन, एवढी रजा कोण देतं?"

त्याच आठवड्यात लाँड्रीला नव्या मार्गाचं काम मिळालं. एका पोत्यावर त्याच्या शहराचं नाव होतं. जाऊबाईंनी ते हौसेनं स्वतःकडे ओढलं. उघडून बघतात तर निम्म्या पांघरुणांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत.

"हे असं कसं?" त्यांनी पोती आणणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं.

तो हसला. "तीन तासांत कोण झोपतंय, मावशी? दोन हजार किलोमीटर तर अंतर. जेवण, चहा, की उतरलेच."

"थेट विमान? नवीन सुरू झालंय का?" मी मध्येच तोंड घातलं.

"छे हो! कित्येक वर्षं रोज दुपारी ये-जा करतंय. धुण्याचं काम तेवढं दुसरीकडे होतं."

 मला असा संताप आला म्हणता! "तीन तास! बापाचं तोंड बघायला तीन तास नव्हते कार्ट्याकडे? लावा फोन, आत्ता लावा!"

जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. फोन त्यांनी लावला खरा, पण बोलल्या काय? "लांबचा प्रवास रे बाबा. उगीच दगदग करू नकोस." आणि ठेवून दिला.

मी कपाळावर हात मारला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"लांब आहे म्हणून येत नाही, ते मी सोसलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "तीन तासांवर असून येत नाही, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही."



सोमवारी सकाळी त्यांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. त्याचा फोन आला. "काकू, आई कशी आहे? जवळ असतो तर धावत आलो असतो गं."

मला काही राहवलं नाही. "मग ये की! दुपारचं विमान सुटायचंय अजून. जेवण, चहा, की उतरशील."

 एवढं बोलून मी फोन ठेवला.

दिवेलागणीला तो दारात उभा. हातात साधी पिशवीसुद्धा नाही. जाऊबाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई," त्या घाबरल्यासारखं करून म्हणाल्या, "दोन दिवस झोपून होते का मी?"