पिवळी पट्टी

उदगीरला माझं भांड्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं तांब्या-पितळेत गेल्यानं माझी एक पक्की समजूत झाली होती: डाग कसलाही असो, मीठ-लिंबू लावून घासला की निघतो. या ज्ञानावर दुकान चालवत होतो तोवर ठीक होतं. ते बायकोच्या दातांवर चालवलं, तिथं घोळ झाला.

तिला पूर्वी मिश्रीची सवय होती. तव्यावर भाजलेली तंबाखू, सकाळ-दुपार बोटानं दातांना. लेकीची सोयरीक जुळली तेव्हा, व्याह्यांपुढं काळे दात नकोत म्हणून, तिनं ती एका दिवसात सोडली. पुढं काही वर्षांनी तिच्या खालच्या दातांच्या बुडाशी मला एक पिवळी पट्टी दिसली. जेवताना, सुनेच्या देखत मी म्हणालो, "चोरून मिश्री लावायलीस वाटतं!"

"न्हाई ओ. देवाशपथ सोडली."

"मग ही काय, हळद हाय?"

सून हसली. मीही हसलो. स्वतःच्या विनोदावर पोटभर हसायची मला जुनी खोड आहे. फक्त बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात कडक ब्रश आणून दिला आणि मीठ-लिंबाचा उपाय सांगितला. ती रोज मोरीवर उभी राहून घासायची. रक्त आलं, तर मी म्हणालो, "घाण निघायली." माठातलं पाणी पिताना ती डोळे घट्ट मिटायची. एकदा म्हणाली, "ओ, दात लांब झाल्यासारखे दिसायलेत." मी म्हणालो, "वय झालं की माणूस आखडतो. तुझे दात वाढायलेत, नशीबवान हाईस!" घासून घासून पट्टी रुंद होत गेली. ती जितकी रुंद, तितका माझा संशय पक्का.

दोन वर्षांनी भाकरीचा तुकडा तोडताना दात हलला, तेव्हा कुठं मी तिला लातूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आमच्या लेकीच्या वयाच्या त्या. त्यांनी तपासलं, दात कशानं घासता ते बायकोला विचारून घेतलं, आणि मी मिश्रीची तक्रार सुरू करताच मला थांबवलं.

"काका, हा डाग नाही. हे दाताचं मूळ आहे. हिरडी सरकली की ते उघडं पडतं. ते असंच पिवळसर असतं, आणि वरच्यासारखं टणक कवच त्याला नसतं, म्हणून गार पाणी झोंबतं. जुन्या मिश्रीनं हिरडी आधीच कमजोर असेल. त्यात कडक ब्रश आणि लिंबू! मूळ आणखी झिजलं. आतलं हाडही गेलंय."

"मग यायचं कधी होतं?" मी विचारलं.

"पाणी झोंबायला लागलं, रक्त आलं, दात लांब दिसले, तेव्हाच. सफाई केली असती, मऊ ब्रश दिला असता, तर बहुतेक तिथंच थांबलं असतं. आता दोन काढावे लागतील. बाकीचे वाचवायचं बघू."

बायकोनं दातांचं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "बाई, म्हंजे तो मिश्रीचा डाग नव्हता न्हवं?"

"नव्हता, काकू."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ऐकलं का?"

ती एवढं का घासायची, ते मला तेव्हा कळलं. पट्टी गेली की मी विश्वास ठेवीन, एवढ्यासाठी. माझ्यापुढं खरी ठरायला ती दोन वर्षं स्वतःचीच मुळं खरवडत होती.

दात काढून, तोंडात कापूस धरून ती उदगीरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर खुणेनं सुनेला बोलावलं, समोर बसवलं आणि माझ्याकडं बोट केलं. सांगा.

माझ्या फजितीचे किस्से मी बाजारात तासतासभर रंगवतो. हा चार वाक्यांत संपला. सुनेनं मान खाली घातली. बायको दाताखाली कापूस दाबून शेवटचं वाक्य होईपर्यंत बसून राहिली. मग उठली आणि कापूस बदलायला आत गेली.