साच्यावर वाचलेलं पुस्तक

जॉबरनं हात करून बोलावलं तेव्हाच मी ओळखलं, पुस्तकाचं निघणार.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत, कापड विणायच्या साळखात्यात मी बदली कामगार होतो. बदली म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, आपल्याला घेणार, नाहीतर घरी जायचं. कायम करायची यादी त्याच आठवड्यात लागायची होती आणि नावं आमचा मुकादम, हा जॉबर, सुचवायचा. घरी दोन पोरं. बायको विड्या वळायची. तिनं बजावलं होतं, "यादी लागंपर्यंत कुणाशी ताठ बोलू नका, तुमच्या पाया पडते."

आता पुस्तक कुठून आलं ते सांगतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. दुकानाच्या पाट्या वाचता यायच्या, तेवढंच. एकदा जेवणाच्या सुटीत एकजण पेपर वाचत होता. त्याचं झाल्यावर मी हात पुढं केला, तर म्हणाला, "तू चित्रं बघ की! शेवटच्या पानावर पैलवानाचं हाय." सगळे हसले. मी पेपर घेतला नाही. पाळी सुटल्यावर अंगावरचा कापूससुद्धा न झटकता तडक वाचनालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी मला वरून खाली बघितलं आणि मोठ्या अक्षरांचं पातळ पुस्तक पुढं सरकवलं.

"हे पोरांचं न्हाय पायजे. जाड द्या."

"किती जाड?"

"हाय त्यातलं जाड."

त्यांनी दिलं. एका बाईला विहिरीत कुणीतरी ढकललेलं असतं आणि ती त्यातून वाचते, पण कुणी ढकललं ते सांगत नाही, अशी गोष्ट. पहिलं पान संपायला किती दिवस गेले ते मी सांगणार नाही. पण मी सोडलं नाही. एके संध्याकाळी पानाच्या मधेच काय झालं कुणास ठाऊक, अक्षरं दिसायची बंद झाली आणि ती बाईच दिसायला लागली. ओली, थरथरत काठावर बसलेली. त्यानंतर मला त्या पुस्तकावाचून चैन पडेना. शर्टाच्या आत घालून मी ते गिरणीत न्यायला लागलो.

सुताच्या कांड्यांच्या पेटीआड उघडून ठेवायचं. एक ओळ वाचायची, दोन्ही साच्यांवर नजर फिरवायची, मग पुढची ओळ. माझ्या कापडात कधी खोट आली नाही. मला वाटत होतं, कुणाला पत्ता नाही.

तर त्या दिवशी जॉबरनं मला समोरच्या साच्यापाशी नेलं. तो साचा अन्नाचा. तेलुगू माणूस, माझ्याहून वयानं मोठा, कायम झालेला. सगळी लाईन त्याला अन्नाच म्हणायची. त्याच्या कापडात धागे तुटून हातभर जाळं पडलं होतं.

साळखात्यात एवढा आवाज की कानाशी ओरडलं तरी कळत नाही. तिथं माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. शिव्या, थट्टा, डब्यात कालवण काय, सगळं ओठांवर.

"अन्ना, डोळे कुटं होते?" जॉबरनं विचारलं.

अन्नानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तम्मी वाचत होता. मी बघत होतो."

मला काही उमजेना. तम्मी म्हणजे धाकटा भाऊ, मलाच तो तसं म्हणायचा. पण पुस्तक तर माझ्यापुढं, त्याला काय दिसणार? तेव्हा त्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ओठ हलवल्याशिवाय मला वाचताच यायचं नाही. मी मनात वाचतोय असं समजत होतो आणि अन्ना ती विहिरीतली बाई माझ्या तोंडावरून वाचत होता. "सगळी लाईन बघती," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. खरंच सगळे माझ्याकडंच बघत होते.

जॉबर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुझं कापड चोख हाय, मी बघितलंय. पण तुझ्यामुळं ह्याचं गेलं. चुकलो म्हण. पुस्तक पुन्हा आत आणू नको. नाव घालतो यादीत."

बायकोची तंबाखूनं पिवळी झालेली बोटं डोळ्यांपुढं आली. शब्द एकच होता. पण तिथं हळू बोलायची सोयच नव्हती, जे बोलीन ते साऱ्या लाईनीला दिसणार होतं.

"पुस्तक आणणार न्हाय," मी म्हणालो. "चुकलो म्हणणार न्हाय."

"परत बोल."

मी परत बोललो.

बाहेर अंगणात असतो तर त्यानं कदाचित सोडून दिलं असतं. इथं त्यानं एकदा लाईनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दाराकडं बोट केलं.

यादीत माझं नाव लागलं नाही.

बायको म्हणाली, "एक शब्द बोलायचा होता. जीभ झडली असती का?"

"व्हय, झडली असती."

तिनं विड्यांचं सूप घेतलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

मी रोज गेटवर जायचो. बाकीच्यांना आत घ्यायचे, मला नाही. घरी कुठल्या तोंडानं जाणार? भिंतीच्या सावलीला बसून वाचायचो. एकदा सुटीत अन्ना डबा घेऊन आला आणि शेजारी बसला.

"कुणी ढकललं रे तिला?"

"अजून सांगत न्हाय ती."

"लई हट्टी बाई. तुझ्या घरातली दिसती. वाच की, आता आवाज काढून वाच."

मी अडखळत वाचायला लागलो. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. मग ती सवयच पडली. जॉबर सायकलवरून समोरून जायचा. तो दिसला की मी आवाज चढवायचो आणि तो जोरात पायडल मारायचा.

कायम झालो तो पुढच्या खेपेला, जॉबर बदलल्यावर. तोवर घर विड्यांवर चाललं आणि मी वाचनालयातलं जाड पुस्तकांचं कपाट खालच्या फळीपासून वरपर्यंत वाचत गेलो. आज माझ्या घरात माझं स्वतःचं कपाट आहे. कुणी पाहुणा आला की मी ते उघडून दाखवतो. बायको आतून ऐकते आणि दरवेळी म्हणते, "ती पुस्तकं तुमी न्हाय, माझ्या बोटांनी वाचली."

पाहुणा माझ्याकडं बघतो. मी कपाट लावून घेतो.