चंदेरी रंगावरचा काळा डाग

कॅमेरासाहेबांना घाम येत नाही, असं आम्हाला वाटावं अशी त्यांची फार इच्छा असे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या साखर कारखान्यात गाळप जोरात असताना ते यंत्रांचा ताप मोजायला नांदेडहून यायचे, तेही इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी तिथला वायरमन. त्यांची पेटी उचलायचा मान माझा.

पेटीत उष्णता मोजायचा कॅमेरा. आतला सेन्सर गारठल्याशिवाय तो चालत नसे. बटण दाबलं की गुणगुणत बसायचा आणि आम्ही सात-आठ मिनिटं हात बांधून उभे. "याच्या पोटात हिमालयापेक्षा थंडी आहे, तुमचा हात काय बरोबरी करणार?" साहेब म्हणायचे. हा टोमणा नागनाथमामांना. मामा आमचे जुने फिटर. बेअरिंगला दोन बोटं उलटी, क्षणभर टेकवून ते ताप सांगत. साहेब त्यांना 'हातवाले' म्हणत. नाव विचारायची तसदी कधी घेतली नाही.

एकदा मोठ्या मोटरपाशी मामा थबकले. "साहेब, वास यायलाय. बेअरिंग लई गरम हाय, मिल थांबवावी लागंल."

विनाकारण मिल थांबवली तर मामांची नोकरी जाणार होती. आदल्याच आठवड्यात त्यांना ताकीद मिळाली होती. साहेबांनी कॅमेरा रोखला. "बावन्न अंश. कॅमेऱ्याला नाक नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही."

मी पडद्याकडं बघत होतो. हंगामाच्या पूजेआधी आम्ही सगळ्या यंत्रांना चंदेरी रंग फासतो, तसा या बेअरिंगलाही फासलेला. रंगावर बावन्न, पण ग्रीसचा काळा डाग होता तिथं एक्याण्णव! मी विचारलं, तर साहेब हसले. "अरे, डागाचं तापमान घेत नसतात."

वा रे विद्वान! चकचकीत चंदेरी रंगातून उष्णतेचे किरण कमी निघतात, म्हणून कॅमेरा फसतो आणि काळा डागच खरं सांगतो, हे मला पुढं कळलं. यांना ते आधी ठाऊक असायला नको होतं का?

"विश्वास नसेल तर ठेवा हात," साहेब म्हणाले.

मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेऱ्यावर भरवसा ठेवला. बावन्न म्हणजे सोसण्याजोगं, म्हणून अख्खा तळहात दाबून टेकवला. हात मागं घेतला तेव्हा कातडी सोलून निघाली होती. मग मिल थांबली.

आणि कॅमेरासाहेब? त्यांनी कॅमेरा मामांच्या तळहातावर धरला, माणसाच्या अंगाला शोभेल असा आकडा वाचला आणि म्हणाले, "बघा, कॅमेऱ्यात काही बिघाड नाही." मग मला पेटी उचलायला सांगितली. लाज वाटते सांगायला, मी उचलली.

ते पुन्हा आले नाहीत. कारखान्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला आणि आता मोजायचं काम माझ्याकडं आहे. चंदेरी रंगावर आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवतो, मगच आकडा घेतो. साहेबांनी न शिकवता शिकवलेलं एवढंच.

मामांच्या हाताची जखम भरून आली. ते अजून बेअरिंगपाशी येतात, वास घेतात, दोन बोटं पुढं करतात आणि वीतभर अलीकडूनच मागं घेतात. मग मला विचारतात, "किती हाय?"